हातात दिलेली नोटीस

सोपानतात्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझी बदलीची ऑर्डर उन्हात धरली. सुट्टी चालू होती, शाळेला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्या ग्रामपंचायतीत शिपायाकडं असते असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिथं गेले होते. पायरीवर एक सडपातळ माणूस बसला होता. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या बटणाला हातभर सुतळीनं बांधलेलं पेन. मी नाव सांगितलं, नवीन शिक्षिका आहे म्हणून सांगितलं. त्यांनी हात पुढं केला. मी ऑर्डर दिली. त्यांनी ती उन्हात धरून आरपार पाहिली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, बोटाला शाई लागते का ते बघितलं आणि विचारलं, "कुनी पाठवलं तुमाला?"

"जिल्हा परिषदेनं," मी म्हणाले.

"ते झालं. पर कुनाच्या सांगन्यावरून?"

एस.टी.तून उतरून मी दोन बॅगा ओढत आले होते, घामानं निथळत होते. मला त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका. पण किल्ली त्यांच्याकडंच होती. त्यांनी कुलूप उघडलं, आधी स्वतः आत जाऊन सगळे कोपरे बघितले, भिंतीवरचं घड्याळ, दोन पंखे, लोखंडी कपाट, खुर्च्या, सगळ्याची यादी तोंडानं म्हणून दाखवली आणि सुतळीचं पेन माझ्यापुढं धरलं. सही करायची तर त्यांच्या इतकं जवळ उभं राहावं लागे की सदऱ्याचा साबणाचा वास यायचा. लोक पेन घेऊन जातात, परत देत नाहीत, म्हणून ती सुतळी.

भूम तालुक्यातलं ते गाव. मोठं नाही, लहानही नाही, पण मधोमध चिरलेलं. वरचा गट आणि खालचा गट. चहाची हॉटेलं दोन, पिठाच्या गिरण्या दोन, गणपती दोन. नवीन माणसानं कुठल्या गिरणीत दळण टाकलं यावरून त्याची जात नव्हे, गट ठरायचा. मी हुशारी करून गहू वरच्या गिरणीत आणि ज्वारी खालच्या गिरणीत द्यायला लागले. महिन्याभरात दोन्हीकडं माझ्याविषयी कुजबुज सुरू झाली, की ह्या बाईचं कुठंतरी पाणी मुरतंय.

तात्या दोन्ही हॉटेलांत चहा घेत नसत. घरून सरबताच्या बाटलीत चहा आणत आणि दुपारी शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून तो थंडगार चहा पीत. बाटलीत चहा नसून दुसरंच काहीतरी आहे अशी बोलवा होती. मी एकदा सरळ विचारलं, "तात्या, गार चहा कसा पिता हो?" तर म्हणाले, "वरच्या हाटेलात बसलो का खालचे म्हनत्यात ह्यो तिकडचा. खालच्या हाटेलात बसलो का वरचे म्हनत्यात. आन् न बसलो का दोघं बी म्हनत्यात, आतून तिकडचा हाय." एवढं म्हणून त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. माझ्या घरचा चहा त्यांनी घेतला तो दोन वर्षांनी, आणि तोही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, मी चहा टाकल्यापासून गाळेपर्यंत नजर न हलवता.

त्यांचा एक प्रश्न गावात सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबवायचा. कुणी काही सांगितलं, अमक्याची विहीर आटली, तमक्याची सोयरीक मोडली, की तात्या विचारणार, "तुमी बघितलं का?" ऐकलंय म्हटलं की ते तोंड फिरवत. एकदा पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर आहे अशी हूल उठली. सगळा गाव टाकीखाली जमला, बायका भांडायला लागल्या. ग्रामसेवक म्हणाले, टाकी रिकामी करा. तात्या शिडीनं वर चढले, झाकण उघडून आत वाकून बघितलं, खाली आले आणि म्हणाले, "कबूतर न्हाय." लोकांना ते पटेना. तेव्हा कबूतर आहे म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी शिडीजवळ नेलं आणि "चढा" म्हणाले. तो काही चढला नाही. तात्या त्याच्याकडं बघत अर्धा तास शिडी धरून उभे राहिले.

पण खरे तात्या दिसायचे ते नोटिसा वाटताना. ग्रामपंचायतीची सभा असली की सात सदस्यांना नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्याची सही, म्हणजे पोच, आणावी लागते. सातांत चार बायका. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाई निवडून येते आणि नवरा सदस्य होतो. नोटीस तोच घेतो, सही तोच ठोकतो, खुर्चीत बसायलाही तोच पुढं असतो. तात्या नवऱ्याच्या हातात नोटीस देत नसत. ओट्याखाली उभं राहून म्हणत, "सदस्यबाईंना भायेर बोलवा."

"आरं, मी हाय की. आन इकडं," नवरा म्हणायचा.

"तुमाला मतं पडली व्हती का?"

ह्यावर शिव्या पडायच्या. तात्या उभेच. शेवटी बाई पीठभरल्या हातानं बाहेर यायची. तात्या तिला हात धुऊन यायला सांगायचे, कागद तिच्या हातात द्यायचे, तिनं वाचेपर्यंत थांबायचे, सही घ्यायचे आणि सहीखाली तारीख आणि वेळ तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. एका सदस्यबाईला घड्याळ वाचता येत नव्हतं. तात्यांनी तिला तिसऱ्या नोटिशीपर्यंत ते शिकवलं.

मी त्यांचं कौतुक केलं. म्हटलं, "तात्या, बायकांचा मान तुम्ही ठेवता, हे फार मोठं काम आहे." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच माझं भाषण लाजिरवाणं वाटलं. म्हणाले, "मानाचं मला कळत न्हाय, बाई. एकदा नवऱ्यानं कागद घेतला आन् सभंला म्हनला, आमाला नोटीस भेटलीच न्हाय. माझी पंधरा दिवसाची हजेरी कापली. तवापासून माझा नवऱ्यांवर इस्वास न्हाय." तर असं होतं. चांगुलपणा वगैरे काही नाही, निव्वळ संशय. मला मात्र अजूनही वाटतं, त्या संशयानं त्या चार बायकांचं जेवढं भलं केलं तेवढं आमच्या महिला दिनाच्या रांगोळ्यांनी केलं नाही.

मग सरपंच वारल्या. खालच्या गटाच्या होत्या, बरेच दिवस आजारी होत्या. आमच्या गावात तेव्हा सरपंच सदस्यांमधूनच निवडला जायचा. सातांतले सहा उरले, तीन वरचे, तीन खालचे. कारभार उपसरपंच भाऊसाहेबांकडं आला, ते वरच्या गटाचे पुढारी. सरपंचबाईंच्या जागेवर पोटनिवडणूक लागली. ती जागा जो जिंकेल त्याचे चार, म्हणजे सरपंचही त्याचाच. एका जागेसाठी एवढी चुरस मी आमदारकीलाही पाहिली नाही. पुण्याला कामाला असलेली माणसं गाड्या करून आणली गेली. मतदानाच्या दिवशी दोन्ही गटांनी एकमेकांची मतं बोगस ठरवायला वह्या घेऊन माणसं बसवली होती.

खालच्या गटाकडून सुनंदा उभी होती. तिची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात. स्वतः सुनंदा कमी बोलणारी, खाली मान घालून चालणारी, तिला उभं केलं ते तिच्या सासऱ्यांनी आणि गटाच्या पुढाऱ्यांनी, म्हणजे दाजींनी. भूमला मोजणी झाली आणि सुनंदा दोन मतांनी आली. भाऊसाहेबांनी फेरमोजणी मागितली. पुन्हा दोनच. मग त्यांनी लेखी हरकत दिली, की ही दोन मतं गावात न राहणाऱ्यांची आहेत, प्रमाणपत्र देऊ नका. दुपार गेली, वाद झाले, आणि शेवटी अधिकाऱ्यांनी सुनंदाच्या हातात विजयाचं प्रमाणपत्र दिलं. भाऊसाहेब गावात येऊन सांगत सुटले, "ते परमानपत्र टिकत नसतं. तिला खुर्चीत बसू द्यायचं का न्हाय ते आमी बघतो."

खालच्या गटानं हे आधीच ओळखलं होतं, आणि जे आपल्याकडं सगळेच करतात तेच केलं. आपले चारही सदस्य सहलीला नेले. सहल म्हणजे फोडाफोडी होऊ नये म्हणून माणसं लपवून ठेवायची. मोजणीवरून थेट तुळजापूर, तिथं सासऱ्यांनी प्रमाणपत्र देवीच्या पायाला लावून आणलं, आणि तिथून पुढं कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दाजींनी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. ताकास तूर लागू दिली नाही.

आणि शुक्रवारी तहसीलमधून नोटिसा आल्या. येत्या गुरुवारी सरपंच निवडीची सभा. खालच्या गटाला वाटत होतं, सभेला अजून तीन आठवडे तरी आहेत. त्यांनी आपली माणसं इतकी छान लपवली होती, की आता त्यांना नोटीस कुठं द्यायची हेच कुणाला कळेना. कुणीतरी दाजींना फोन केला, की गुरुवारी सभा आहे, या. दाजी हसले. म्हणाले, "आमी काय काल जन्मलो व्हय? ह्यो भाऊसाहेबाचा डाव हाय आमाला भायेर काढायचा." आणि फोन ठेवला. परत केला तर बंद.

भाऊसाहेब खुशीत होते. शनिवारी सकाळी शाळेच्या आणि पंचायतीच्या मधल्या भिंतीतून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "सोपान, घरं बंद हायत ना? डकव दारावर नोटिसा. दोन पंचांच्या सह्या घे. मोकळा झालास."

"घरं बंद न्हायत. म्हातारी मानसं हायत," तात्यांचा आवाज.

"तेच ते. सदस्य न्हायत ना? डकव."

मग तात्यांच्या चपलांचा आवाज दाराकडं गेला.  मला वाटलं, झालं, डकवणार हा माणूस. गावात सगळे म्हणतच होते, की शिपाई ज्याच्या हातात कारभार त्याचाच असतो.

शाळा सुटल्यावर तात्या माझ्या वर्गाच्या दाराशी आले. "बाई, सुनंदाबाईची पोरगी येती का शाळंत?"

"नाही."

"अर्ज दिलाय का रजेचा?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलले. अर्ज माझ्या हजेरीच्या वहीत होता. मोजणीच्या आदल्या दिवशी पोरीनं स्वतः लिहून दिलेला. 'माझी आई निवडून येणार आहे म्हणून आम्ही ढोकीला कारखान्याजवळ आत्याकडे जाणार आहोत. तरी आठ दिवसांची रजा मिळावी. हे कुणालाही सांगू नये ही विनंती.' मी तो वाचून पोट धरून हसले होते, आणि मग मला घामही फुटला होता. अख्खा गाव शोधत असलेली गोष्ट माझ्या वहीत होती आणि पोरीनं मला विनंती केली होती.

तात्यांनी माझ्या हाताखालच्या वहीकडं पाहिलं. मग दाराच्या पायरीवर बसले. "तुमी मला भाऊसाहेबाचा मानूस समजता," ते म्हणाले.

"गाव म्हणतं," मी म्हणाले.

त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. बोटांवर मोजत हिशेब सांगितला. "उद्या रविवार. नोटीस आन् सभंच्या मधी तीन दिस लागत्यात. उद्या दिली तर सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन भरत्यात. परवा दिली तर भरत न्हायत. उद्या हातात न्हाय दिली तर मला डकवावीच लागती. गुरुवारी हे तिघं आन् तिकडचं कुनी न्हाय. त्या बाईला ठाऊक बी व्हनार न्हाय, का तिच्या जागंला काय झालं. दोन मतानं का हुईना, आली ना ती?"

मी वही पुढं सरकवली की उघडून धरली, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मनात अजून शंकाच होती आणि हात मात्र पुढं गेले. तात्यांनी अर्ज ओठ हलवत वाचला. शेवटच्या विनंतीशी ते थोडे थांबले. मग वही मिटली, माझ्याकडं न बघता उठले आणि गेले. ती रात्र मी कशी काढली हे माझं मला ठाऊक. तिसरीतल्या पोरीचा विश्वास मी मोडला होता, आणि कुणासाठी, तर ज्याची मला खात्री नव्हती अशा माणसासाठी.

ढोकीला काय झालं ते मला पुढं सुनंदानं सांगितलं. तात्या पहाटेच्या गाडीनं निघून, धाराशिवला गाडी बदलून, दुपारी बाराच्या सुमाराला कारखान्याजवळच्या त्या घरासमोर उभे राहिले. खिडकीतून त्यांना बघून आत पळापळ झाली. दाजी म्हणाले, बघा, भाऊसाहेबाचा कुत्रा वास काढत आला. दार उघडलं नाही. आतून सासरे ओरडले, "हितं कुनी न्हाय."

"बोलताय कोन मंग?" तात्यांनी विचारलं.

तासाभरानं दार बोटभर उघडलं. दाजींनी हात बाहेर काढून नोटीस मागितली. तात्या म्हणाले, बघायला देतो, घ्यायला न्हाय. दाजींनी कागद उन्हात धरला, शिक्का चोळून बघितला, तहसीलच्या साहेबांची सही कुठल्यातरी जुन्या कागदावरच्या सहीशी ताडून बघितली. रविवार असल्यामुळं विचारायला कचेरी उघडी नव्हती. "खोटी कशावरून न्हाय?" त्यांनी विचारलं. तात्यांना त्या प्रश्नाचा राग आला नाही. उलट ते खूश झाल्यासारखे दिसले, असं सुनंदा म्हणाली. "तपासा तुमी," ते म्हणाले. "माझ्यावर इस्वास ठिवू नका. उद्या सकाळी तहसीलला फोन लावा. पर सह्या आज करा."

सासरे म्हणाले, सही केली की अडकलो. दाजी म्हणाले, ह्याच्या मागं गाडी असणार, सुनंदा बाहेर आली की तिला उचलून नेतील. घरात दोन तास खल चालला आणि तात्या बाहेर उन्हात, ओट्यावर बाटलीतला चहा पीत बसले. शेवटी सुनंदाच उठली. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या समोरून, न विचारता, चालत दारापर्यंत गेली. "मला माझ्या जावंनं सांगितलं व्हतं," ती मला म्हणाली, "तात्या बाईचा कागद दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत. डाव करायचा असता तर त्यांनी तो गावातच दारावर डकवला असता की. इतक्या लांब कशाला आले असते?" इतक्या पुढाऱ्यांत हा साधा विचार तिलाच सुचला.

आणि तात्यांनी काय करावं? ते म्हणाले, "आदी परमानपत्र दावा." सुनंदा चकित. "तुमी निवडून आला हे मी ऐकलंय. कागद बघितला न्हाय." घरातल्यांचा संताप पुन्हा उसळला. सासऱ्यांनी देव्हाऱ्यातून प्रमाणपत्र आणलं. एका कोपऱ्याला देवीचं कुंकू लागलेलं होतं. तात्यांनी ते नीट वाचलं, त्याचा क्रमांक आणि तारीख पोचेच्या कागदावर लिहून घेतली, आणि मग सुनंदाच्या हातात नोटीस दिली. मग बाकीच्या तिघांना. चार सह्या, चार वेळा. परतीच्या गाडीत बसले तोवर संध्याकाळ झाली होती.

गुरुवारी पंचायतीसमोर सगळा गाव होता. दोन पोलीस होते. मी पोरांना उजळणी म्हणायला लावून पंचायतीच्या खिडकीशी येऊन उभी होते. खालच्या गटाची गाडी आली, चारही सदस्य उतरले, आणि भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ते तयारीचे गृहस्थ होते. तहसीलचे साहेब खुर्चीत बसताच त्यांनी हरकत घेतली. ही बाई सदस्य आहे कशावरून? प्रमाणपत्र दाखवा.

सासऱ्यांनी मोठ्या अभिमानानं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. साहेबांनी ते हातात घेतलं आणि बोटं लाल झाली. चार दिवस सासऱ्यांनी त्या कागदाची रोज सकाळी अंघोळ करून पूजा केली होती. हळद, कुंकू, वर तेलाचा हात. नाव नाही, क्रमांक नाही, सही नाही, सगळं लालभडक.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"आईचं कुंकू हाय, साहेब."

"खाडाखोड झाकलीय," भाऊसाहेब गरजले. "असल्या कागदावर हिला बसू देनार न्हाय. सहाजनांत सभा घ्या. तीन-तीन झाले तर चिठ्ठी काढा." बाहेर आरडाओरडा सुरू झाला. साहेबांपाशी सदस्यांची यादी होती, सुनंदाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक तिच्यात होता, पण समोरचा कागद तोच आहे हे ठरवायचं कसं? ते घाम पुसत म्हणाले, शंका आहे तर मला वरिष्ठांना विचारावं लागेल. सुनंदा उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. सासरे खाली बघत होते, आणि मला त्या म्हाताऱ्याची इतकी कीव आली, की स्वतःच्या भक्तीनं सुनेची जागा पुसून टाकली त्यानं.

तात्या दाराशी होते. भाऊसाहेब त्यांच्याकडं बघत होते, आणि ती नजर काय सांगत होती ते खिडकीतून मलाही कळलं. तात्यांनी पोचेचा कागद साहेबांपुढं ठेवला. "रविवारी ह्यो कागद मी बघितलाय, साहेब. तवा वाचता येत व्हता. नंबर लिवून घेतलाय. तुमच्या यादीशी लावून बघा."

साहेबांनी एकेक आकडा बोट ठेवून ताडला. जुळला. मग त्यांनी सुनंदाला म्हटलं, "बसा." ती सातव्या खुर्चीत बसली आणि तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. चार विरुद्ध तीन. सरपंचपद खालच्या गटाला गेलं, त्या चारांतल्या दाजींच्या सूनबाईला. गुलाल उधळला. तात्या सभा उठल्यावर खुर्च्या मोजत होते.

आता गोष्ट इथं गोड व्हायला हवी होती. आठ दिवसांनी मी भिंतीपलीकडून दाजींचा आवाज ऐकला. "सोपान, तू काम चोख केलंस. पर एक सांग. ढोकीचा पत्ता तुला कुनी दिला?"

तात्यांचा झाडू चालूच होता.

"आमच्यातलंच कुनीतरी फुटलंय. आज तुला सांगितलं, उद्या भाऊसाहेबाला सांगंल. नाव सांग. किल्ल्या तुझ्याकडंच ऱ्हातील."

मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी. पोरं तेराचा पाढा म्हणत होती. भिंत एका विटेची. मी तिकडं जाऊन 'मी दिला' म्हणायचं एवढंच काम होतं, चाळीस पावलांचं. दाजींचे हात जिल्हा परिषदेपर्यंत पोचलेले होते आणि माझी बदली कुठंही झाली असती. मी गेले नाही. मूग गिळून बसले. मला स्वतःची जितकी शरम त्या दिवशी वाटली तितकी कधी वाटली नाही, आणि तरीही मी गेले नाही, हे लिहायलाच हवं.

तात्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग म्हणाले, "मोजून घ्या. आन् मिळाल्याची सही द्या."

त्यानंतर ते पंचायतीत आले नाहीत. रस्त्यात भेटले की मान हलवत, थांबत नसत. गावात दोन्ही बाजूंनी एकच ठरलं, की सोपान दुटप्पी. सुनंदाला सगळं ठाऊक असावं असं मला कधीकधी वाटतं. तिची मुलगी परत शाळेत आली त्या दिवशी सुनंदा दाराशी उभी राहून माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत होती. 

भाऊसाहेबांनी निवडीविरुद्ध धाराशिवला दाद मागितली. सुनावणीला तात्यांना बोलावलं होतं. मी कचेरीत दुसरंच काम आहे असं सांगून रजा काढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. खरं सांगायचं तर, तात्या आज माझं नाव घेतात का हे बघायला गेले होते. उपकार करणाऱ्या माणसावरही संशय घ्यायची सवय एव्हाना मलाही लागली होती.

भाऊसाहेबांच्या वकिलांनी तेच विचारलं. "पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, मग तुम्हाला कसा मिळाला? कुणी दिला?" दाजीही खुर्चीत पुढं सरकून बसले. त्यांनाही तेच हवं होतं. दोन्ही गटांना पहिल्यांदाच एक गोष्ट सारखी हवी होती.

तात्या म्हणाले, "कुनी दिला न्हाय. मला आदीपासून ठाऊक व्हतं."

"म्हणजे तुम्ही त्यांच्याच गटाचे?"

"व्हय," तात्या म्हणाले. "त्येंचाच."

वकिलांनी ते लिहून घ्या म्हटलं आणि लिहून घेतलं गेलं. वर्षानुवर्षं गार चहा पिऊन, दोन्ही हॉटेलं टाळून या माणसानं जे एकच सांभाळलं होतं, ते त्यानं एका शब्दात देऊन टाकलं. सुनंदाच्या जागेला त्या शब्दानं धक्का लागला नाही, नोटीस रीतसर होती आणि क्रमांक जुळत होता, म्हणून अर्ज पुढं फेटाळला गेला. पण कागदावर सोपानतात्या कायमचे खालच्या गटाचे झाले.

सुनावणी संपल्यावर मी बाहेरच्या व्हरांड्यात थांबले. आज मात्र बोलायचंच असं ठरवलं होतं. तात्या आले. माझ्यापासून दोन हातांवर त्यांच्या चपला होत्या. त्यांनी त्या घातल्या, पायजम्याची घडी नीट केली. मी "तात्या" म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, पण माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडं, आणि कुणी अनोळखी बाई वाटेत उभी असावी तसे बाजूनं निघून गेले. पायऱ्या उतरले, फाटकातून बाहेर पडले आणि एस.टी. स्टँडच्या दिशेला वळले. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, रागावले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

मग मी मागं वळले. माझ्या खांद्यामागं, खांबाला टेकून, दाजींचा पुतण्या उभा होता आणि आमच्याकडंच बघत होता.